केव्हीएम होस्टच्या लॉगमध्ये ‘स्प्लिट लॉक ट्रॅप’चा इशारा येतो आणि गेस्ट मंदावतो, ही तपासणी बंद करावी का?

तुम्ही सांगितलेली लक्षणे अशी: होस्टचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या यंत्राचा, कर्नेल अद्ययावत केल्यापासून त्याच्या लॉगमध्ये ‘सीपीयू ०/केव्हीएम’ या थ्रेडच्या नावाने (केव्हीएम ही लिनक्स कर्नेलमधील व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय; असा प्रत्येक थ्रेड मशीनचा एक आभासी प्रोसेसर चालवतो) स्प्लिट लॉक ट्रॅपचा इशारा उमटतो, एक व्हर्च्युअल मशीन (गेस्ट) अडखळत चालते, आणि तिच्या आतील लॉगमध्ये मात्र काहीच दिसत नाही. तपासणी सरसकट बंद करू नये, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी प्रोसेसर नेमकी कशाची तक्रार करतो ते पाहावे लागेल.

गेस्टमधील एखादा प्रोग्रॅम अशा पत्त्यावर अ‍ॅटॉमिक सूचना (मध्येच न तुटता एकसंध पूर्ण होणारी) चालवत आहे, की तिचा डेटा दोन कॅश लाइनींत विभागला जातो; यालाच स्प्लिट लॉक म्हणतात. कॅश लाइन, म्हणजे प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो तो तुकडा, ६४ बाइटची असते. शून्यापासून मोजता ६२व्या बाइटवर चार बाइटचा लॉक सुरू झाला, तर त्याचे दोन बाइट पुढच्या लाइनीत जातात. एरवी तेवढी एक लाइन ताब्यात घेऊन प्रोसेसरचे काम भागते. येथे मात्र त्याला संपूर्ण मेमरी बस अडवावी लागते (बस लॉक). त्यात हजाराहून अधिक सायकल जादा खर्च होतात आणि तेवढा वेळ इतर सर्व कोअर, म्हणजे शेजारच्या गेस्टांचे कोअरसुद्धा, मेमरीसाठी खोळंबतात. इंटेलच्या आइस लेकसारख्या पिढ्यांत असा प्रकार घडताच अलाइनमेंट चेकचे (डेटा योग्य सीमेवर आहे का या तपासणीचे) एक्सेप्शन उठवण्याची, म्हणजे चालू काम थांबवून कर्नेलला हाक देण्याची, सोय आली आणि २०२० मध्ये लिनक्स ५.७ ने ती वापरात आणली.

मात्र हे एक्सेप्शन नवे नाही. त्याचा १७ हा क्रमांक ४८६ प्रोसेसरच्या काळापासून साध्या अलाइनमेंट तपासणीसाठी आहे, त्यामुळे ते गेस्टकडून आले की केव्हीएमला आधी त्याचा प्रकार ठरवावा लागतो. गेस्टने स्वतःच जुनी तपासणी चालू केलेली असेल आणि सूचना यूजर स्तरावरील असेल, तर केव्हीएम ते एक्सेप्शन गेस्टच्या हवाली करतो. अन्यथा ते होस्टच निस्तरतो, कारण या नव्या तपासणीची कल्पना नसलेल्या गेस्टच्या कर्नेलला ते अनपेक्षितपणे मिळाले तर तो कोसळू शकतो. गेस्टच्या लॉगमध्ये काही न दिसण्याचे कारण हेच आहे.

मंदगतीचे कारण वेगळे आहे. लिनक्स ५.१९ पासून इशारा देण्याच्या मूळ पद्धतीतच शिक्षाही जोडली गेली: असा लॉक करणारा थ्रेड प्रत्येक ट्रॅपला १० मिलिसेकंद झोपवला जातो आणि त्यानंतर संपूर्ण यंत्रात एका वेळी एकाच कोअरला असे लॉक करू दिले जातात. इशारा मात्र प्रत्येक थ्रेडमागे एकदाच छापला जातो, म्हणून लॉगमधील ओळी मोजून या प्रकाराचे प्रमाण ठरवता येत नाही.

होस्टवर फक्त तुमचीच मशीन चालत असतील, तर लिनक्स ६.२ पासून उपलब्ध असलेली ‘स्प्लिट लॉक मिटिगेट’ ही सिसकंट्रोल सेटिंग (चालू कर्नेलची वागणूक बदलणारी) शून्य करावी. त्याने शिक्षा थांबते, पण इशारा कायम राहतो, आणि तो राहिलाच पाहिजे. अनेक ग्राहकांच्या सामायिक होस्टवर मात्र ही शिक्षा म्हणजे शेजाऱ्यांचे संरक्षण आहे. तेथे ती काढणे मला अन्यायाचे वाटते. प्रोसेसरला बस लॉक झाल्यावर गेस्टमधून बाहेर पडण्याची सोय असेल, तर क्यूईएमयूमध्ये, म्हणजे केव्हीएमच्या मदतीने मशीन चालवणाऱ्या होस्टवरील प्रोग्रॅममध्ये, दर सेकंदाला किती बस लॉक चालतील याची मर्यादा घालता येते, आणि तो मार्ग अधिक नेमका आहे. इशाऱ्यावर न थांबता थेट प्रक्रिया बंद पाडणारी ‘फेटल’ ही पद्धत अशा होस्टवर कटाक्षाने टाळावी: त्यात गेस्टमधील एका साध्या प्रोग्रॅमच्या चुकीमुळे क्यूईएमयूच्या प्रक्रियेला सिगबस सिग्नल मिळतो आणि अख्खी मशीन बंद पडते.

खरा उपाय गेस्टच्या आत आहे. इशाऱ्यातील थ्रेड क्रमांकावरून मशीन ओळखता येते, आणि त्यात छापलेला पत्ता गेस्टमधील सूचनेचा असतो. ६४ बिट गेस्टमध्ये तो पत्त्यांच्या खालच्या अर्ध्या भागात असेल तर दोष अ‍ॅप्लिकेशनचा, वरच्या भागात असेल तर कर्नेलचा किंवा ड्रायव्हरचा समजावा. बहुतेक वेळा डेटा-रचना ‘पॅक’ करताना (मधली रिकामी जागा काढताना) लॉकची जागा सरकलेली असते, आणि ती नैसर्गिक सीमेवर आणणे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला अवघड नसते. दुरुस्तीनंतर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी. गेस्टच्या आतून रीबूट केल्यास होस्टवरील थ्रेड तेच राहतात, आणि दोष शिल्लक असला तरी त्यांच्या नावाने दुसरा इशारा येत नाही.