तेरा वसाहती, एक राष्ट्र: वाचकांचे प्रश्न

1773 च्या कायद्याने अमेरिकेत चहा उलट स्वस्त झाला होता, असं वाचलं. मग बॉस्टनच्या लोकांनी तो समुद्रात का फेकला?
– एक वाचक, सांगली

स्वस्त झाला, हे खरंच आहे. ईस्ट इंडिया कंपनीला चीनमधून आणलेला चहा इंग्लंडमधल्या जकातीची सूट घेऊन, आपल्याच आडत्यांमार्फत थेट वसाहतींत विकायची मुभा या कायद्याने मिळाली. पण तिथे माल उतरवताना पौंडामागे 3 पेन्स कर होताच. 1767 मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर लावलेल्या करांपैकी बाकीचे 1770 मध्ये उठवले गेले, चहावरचा मात्र मुद्दाम ठेवला गेला. आपला एकही प्रतिनिधी नसलेल्या संसदेला आपल्यावर कर लावता येतो की नाही, हा वाद होता. स्वस्त चहा विकत घेणं म्हणजे तो हक्क मुकाट्याने कबूल करणं.

16 डिसेंबरचीच रात्र का, याचं उत्तर जकातीच्या नियमात आहे. ‘डार्टमाउथ’ जहाज 28 नोव्हेंबरला बंदरात आलं. वीस दिवसांत कर भरला नाही, तर जकात अधिकारी माल जप्त करून उतरवून घेऊ शकत होते आणि ती मुदत 17 तारखेला संपत होती. कर न भरता जहाज परत न्यायला गव्हर्नर हचिन्सन परवाना देईना. शेवटच्या रात्री तीन जहाजांवरच्या 342 पेट्या, म्हणजे सुमारे 42 टन चहा, पाण्यात गेला. फिलाडेल्फियाहून चहाचं जहाज परत पाठवता आलं. चार्ल्सटनमध्ये कर न भरल्यामुळे चहा जप्त होऊन तळघरात पडून राहिला. बॉस्टनमध्ये गव्हर्नर आणि आंदोलक दोघेही हटले नाहीत, म्हणून तिथे स्फोट झाला.

इंग्रज गव्हर्नरांना हटवून नवं सरकार एवढ्या झटपट कसं उभं राहिलं?
– स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, बार्शी

झटपट नाही. जुनं सरकार पडायच्या आधीच नवं काम करू लागलं होतं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे.

सप्टेंबर 1774 मध्ये जॉर्जिया सोडून बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. त्यांनी इंग्रजी मालावर बहिष्काराचा करार केला आणि तो अंमलात आणायची यंत्रणाही त्याच कागदात लिहून ठेवली. प्रत्येक काउंटी, शहर आणि गावात मतदारांनी एक समिती निवडायची. करार मोडणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात छापायचं आणि त्याच्याशी व्यवहार बंद करायचा. 1 डिसेंबर 1774 ते 1 फेब्रुवारी 1775 या काळात माल आला, तर मालकापुढे तीन वाटा होत्या: परत पाठवा, स्वतःच्या जबाबदारीवर समितीच्या ताब्यात ठेवा, नाहीतर समितीला विकू द्या. विक्रीतून मालकाचा खर्च आणि मुद्दल वळतं करून उरलेला नफा, चहा फेकल्याच्या शिक्षेपायी बंदर बंद झाल्यामुळे हाल सोसणाऱ्या बॉस्टनच्या गरिबांना जायचा.

लोकांना समितीचं ऐकायची सवय लागली आणि गव्हर्नरचा हुकूम कागदावर राहिला. त्याने विधानसभा बरखास्त केली की तेच सभासद दुसरीकडे बसायचे. व्हर्जिनियाचे तर खानावळीत बसले. त्यामुळे 2 जुलै 1776 ला स्वातंत्र्याचा ठराव झाला (जाहीरनामा 4 तारखेला मंजूर झाला), तेव्हा कारभाराची घडी आधीच बसलेली होती. याला काळी बाजूही आहे. राजाशी निष्ठावंत शेजाऱ्यांना या समित्यांनी फार छळलं. युद्धानंतर सुमारे 60,000 माणसं देश सोडून गेली.

स्वातंत्र्य 1776 चं आणि राज्यघटना 1787 ची. मधली अकरा वर्षं काय चाललं होतं?
– निवृत्त शिक्षक, सातारा

मधल्या काळात राष्ट्र नव्हतंच, तेरा राज्यांचा तह होता. तो 1777 मध्ये लिहिला गेला आणि सगळ्यांची संमती मिळून 1 मार्च 1781 ला लागू झाला, कारण पश्चिमेकडच्या जमिनींचा वाद मिटेपर्यंत मेरीलँड सही करेना. प्रत्येक राज्याला एक मत. युद्ध, तह, कर्ज अशा मोठ्या बाबींना नऊ राज्यांची मान्यता लागे आणि कलम बदलायचं तर तेराच्या तेरा.

खरी मेख पैशात होती. राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेला, म्हणजे काँग्रेसला, कर लावायचा अधिकार नव्हता. ती राज्यांकडे वर्गणी मागायची आणि राज्यं जमेल तेवढी द्यायची. युद्धाचा खर्च नोटा छापून भागवला. 1780 मध्ये काँग्रेसनेच चाळीस कागदी डॉलरना एक चांदीचा डॉलर असा भाव ठरवला. आयात मालावर 5 टक्के जकात बसवायचा प्रयत्न झाला, तर 1782 मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला. दुसऱ्या प्रयत्नाला न्यूयॉर्क आडवं आलं. जून 1783 मध्ये थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला आणि काँग्रेसला प्रिन्स्टनला निघून जावं लागलं. 1786 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर आणि कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी न्यायालयं बंद पाडली. तो उठाव मोडायला राज्याने व्यापाऱ्यांकडून पैसे गोळा करून फौज उभी केली.

या अनुभवातून 1787 च्या घटनाकारांनी दोन गोष्टी ठरवल्या. नऊ राज्यांनी मान्य केली की त्यांच्यापुरती घटना लागू होईल, म्हणजे एकाच्या नकाराने गाडं अडणार नाही. आणि मंजुरी विधानसभांनी नव्हे, तर त्यासाठी निवडलेल्या परिषदांनी द्यायची, कारण आपला अधिकार कमी करणाऱ्या कागदाला विधानसभा सहजी हो म्हणणार नाहीत. नववं राज्य न्यू हॅम्पशायर, 21 जून 1788. तरीही व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्कवाचून सगळं लटकलं असतं. व्हर्जिनियात 89 विरुद्ध 79 आणि न्यूयॉर्कमध्ये 30 विरुद्ध 27, इतकं काठावर निभावलं. ऱ्होड आयलंड मे 1790 मध्ये आलं, तेही 34 विरुद्ध 32 मतांनी. त्याच वर्षी अर्थमंत्री हॅमिल्टनच्या योजनेप्रमाणे राज्यांची युद्धकर्जं केंद्राने अंगावर घेतली. आपले पैसे परत मिळायचे तर हे सरकार टिकायला हवं, असं सावकारांना वाटू लागलं.

या तडजोडीची किंमत गुलामांनी मोजली. प्रतिनिधींच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब धरला गेला, त्यामुळे मताचा हक्क नसलेल्या माणसांच्या जिवावर मालकांच्या राज्यांचं वजन वाढलं. परदेशातून गुलाम आणण्यावर 1808 पूर्वी बंदी घालायची नाही, हेही लिहून दिलं. 1790 च्या जनगणनेत साधारण 39 लाखांपैकी सुमारे 7 लाख माणसं गुलाम होती.

इंग्रज अमेरिकेत अडकले म्हणून मराठ्यांना वडगावला जय मिळाला का?
– एक वाचक, तळेगाव

वडगावचं श्रेय अमेरिकेला देऊ नये. जानेवारी 1779 मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून संथपणे पुढे सरकत होती. मराठ्यांनी तिची रसद तोडली, वाटेतला मुलूख उजाड केला आणि तिला कोंडीत पकडलं. हा विजय आपल्या फौजांचाच.

संबंध आहे तो आगेमागे. 1777 मध्ये नाना फडणीसांनी सेंट लुबिन या फ्रेंच वकिलाला पुण्यात ठेवून घेतलं, तेव्हा इंग्रजांचं धाबं दणाणलं. फेब्रुवारी 1778 मध्ये फ्रान्सने अमेरिकेशी करार केल्यावर ती भीती आणखी वाढली. पुढे मराठे, हैदर आणि फ्रेंच अशा तिघांशी एकाच वेळी लढणं झेपेना, म्हणून त्यांनी मे 1782 मध्ये सालबाईचा तह केला. वसई परत दिली, साष्टी ठेवली आणि पोर्तुगीज सोडून दुसऱ्या कुठल्याही युरोपीय राष्ट्राला पेशव्यांनी आपल्या मुलखात वखार घालू देऊ नये, असं कलम घालून घेतलं. अमेरिकेच्या युद्धात यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली, तो कॉर्नवॉलिस 1786 मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला.