जुना क्लॅरिनेट घ्यावा का?

तुम्ही घ्यायचा विचार करताय त्या जुन्या क्लॅरिनेटचे फोटो पाहिले. लाकूड देखणं आहे, पेटीही मूळची दिसतेय. मोह होणारच! पण पैसे देण्याआधी ट्यूनर (सूर मोजायचं यंत्र) काढा.

शंभर वर्षांपूर्वीचे बरेच इंग्लिश क्लॅरिनेट 'हाय पिच'चे असतात. तेव्हाच्या ब्रिटिश लष्करी बँडचा 'ए' (ज्याला धरून वाद्यं जुळवतात तो सूर) सुमारे 452 हर्ट्झचा, आजचा 440 चा. म्हणजे वाद्य जवळजवळ पाव स्वर चढं. हार्मोनियमबरोबर साथ जमणार नाही. वाद्याच्या अंगावर 'एचपी' (म्हणजे हाय पिच) असा शिक्का शोधा. नसला तरी वाजवून मोजाच. "बॅरल (तोंडात धरायच्या भागाखालचा छोटा तुकडा) जरा बाहेर ओढला की सूर उतरतो," असं विकणारा सांगेल. उतरतो, पण सगळे सूर सारखे नाही. छिद्रं आहेत तिथेच राहतात, त्यामुळे सप्तक आपसातच बेसूर होतं. माझी पहिली खरेदी ह्याच वाक्यावर झाली. ते वाद्य आता कपाटात आहे, दिसतं छान.

बाकी दोन गोष्टी:

- वरच्या तुकड्यावर चीर आहे का, उजेडात फिरवून पाहा. पॅड (छिद्रं झाकणाऱ्या गाद्या) आणि सांध्यांवरचे कॉर्क गेले असतील तर घाबरू नका, ते बदलता येतात. खर्च तेवढा किमतीत धरा.
- चाव्या बोहम पद्धतीच्या की अल्बर्ट? (चाव्यांच्या या दोन वेगळ्या रचना.) तुमचे शिक्षक बोहमवर शिकवत असतील तर अल्बर्ट नको, बोटं वेगळी पडतात.

आणि घेतलाच, तर सुरुवातीला दिवसाला दहा-पंधरा मिनिटंच वाजवा. वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं लाकूड एकदम ओल मिळाली की तडकतं.