साहेबांना रीलवाला स्पीकर हवाय, काय करू?

प्रश्न: नमस्कार ताई, रबाळे एमआयडीसीत आमची पॅकेजिंगची कंपनी आहे, मी एचआरला आहे म्हणजे एचआर, अ‍ॅडमिन, कँटीनच्या तक्रारी सगळं माझ्याच गळ्यात. 35 सुपरवायझरचं ट्रेनिंग ठेवायचंय. साहेबांना एका मोटिव्हेशनल स्पीकरचं रील भारी आवडलंय, त्याचा मॅनेजर 2 तासांचे 80 हजार प्लस जीएसटी सांगतोय. गेल्या वर्षीही असेच एक आलेले, लोक पोट धरून हसले, आणि सोमवारी फ्लोअरवर परत तेच. चांगला स्पीकर ओळखायचा कसा? – एक वाचक, ऐरोली

उत्तर: साहेबांना तोंडावर नाही म्हणू नका. एवढंच विचारा की ट्रेनिंगनंतर फ्लोअरवर काय वेगळं दिसायला हवं? "टीम मोटिव्हेट व्हायला पाहिजे" म्हणाले तर परत विचारा, थोडं चिवटपणे. मग खरं काय ते बाहेर येतं, की शिफ्ट बदलताना मशीनला काय झालंय ते पुढच्या सुपरवायझरला कोणी सांगतच नाही, किंवा आयटीआयची नवीन पोरं ओरडा खाऊन खाऊन सोडून जातात. यातलं एक धरा आणि त्यासाठी माणूस शोधा.

आता फोन लावा आणि पहिली दहा मिनिटं कोण बोलतंय ते बघा. किती जण, शिफ्ट किती, मराठी चालेल की हिंदीही लागेल, भांडणं कशावरून होतात असं तो तुम्हालाच विचारत बसला तर माणूस कामाचा. सेलिब्रिटींसोबतच्या फोटोंची पीडीएफ पाठवून "आपलं मॉड्यूल रेडी आहे मॅडम" म्हणाला तर पुढे चला. रील बघून काही कळत नाही, सेशनचं अर्धा तास सलग रेकॉर्डिंग मागा, न कापलेलं. आधी ज्यांनी बोलावलं होतं त्यांना "कसा होता" विचारू नका, सगळे छानच म्हणतात, "परत बोलावलंत का?" हे विचारा.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्लांट सांभाळून रिटायर झालेली माणसं आहेत, त्यांच्यातही शोधा. पण सांभाळून हां, काहींची गाडी "आमच्या वेळी" वरून पुढेच सरकत नाही, म्हणून आधी सहा-सात सुपरवायझरसमोर अर्धा तास बोलायला लावा.

डोनाल्ड किर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकांनी 1959 मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या: लोकांना आवडलं का, शिकले का, वागण्यात फरक पडला का, आणि कामात काय बदललं. आपले फीडबॅक फॉर्म पहिल्याच पायरीवर अडकतात आणि त्यातही निम्मे मार्क समोश्याला पडतात! म्हणून ठरवतानाच सांगा की दीड महिन्याने परत अर्धा दिवस यायचं, फ्लोअरवर फिरायचं, सुपरवायझरशी बोलायचं, फी त्यासकट. याला जो टाळाटाळ करेल त्याला सोडा.

35 जण एकदम बसवू नका, दोन बॅच करा, नाहीतरी सगळ्यांना लाईनवरून एकत्र कोण सोडणार? रविवार नको, लोकांची सुट्टी जाते आणि ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक असला तर अर्धे तासभर उशिरा येतील. जेवणानंतर नुसतं भाषण ठेवलंत तर मागच्या दोन रांगा झोपल्याच समजा.

पैशाचं सगळं ईमेलवर घ्या, येण्याजाण्याचा खर्च, कॅन्सल झालं तर काय, सगळं. 80 हजारांवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 14,400, पण स्पीकर रजिस्टर्ड असेल तरच, तेव्हा जीएसटी नंबर मागा. प्रोफेशनल फीवर 10 टक्के टीडीएस कापावा लागतो (एप्रिल 2025 पासून वर्षाला 50 हजारांच्या वर गेलं तर), बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ फीवरच, म्हणजे 8 हजार. हे आधीच सांगा, नाहीतर नंतर "कमी का आले" म्हणून फोन तुम्हालाच.

आणि साहेब रीलवाल्यावर अडूनच बसले तर त्याला स्नेहसंमेलनाला बोलवा, वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात, सगळ्यांच्या घरच्यांसकट, तिथे दोन तास हसवणं हेच काम असतं. फक्त ते बिल ट्रेनिंगच्या बजेटात टाकू देऊ नका.