टेक्सासमध्ये घरी शिकलेल्या मुलाला बारावीचा दाखला कोण देतं?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा पंधरा वर्षांचा, पाचवीपासून घरीच शिकतोय, एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी नुकतीच झाली, मिस्टरांची जुलैत नाशिकहून डॅलसला बदली. आणि तुमची काळजी ही की तिकडेही घरीच शिकवलं तर शेवटी बारावी झाल्याचा कागद देणार कोण?

तुम्हीच देणार. खरंच. टेक्सासमध्ये घरची शाळा ही कायद्याने खाजगी शाळा मानली जाते आणि खाजगी शाळेचा डिप्लोमा, म्हणजे बारावी झाल्याचा दाखला, ती शाळाच देते. माझ्या मुलीच्या डिप्लोम्यावर मुख्याध्यापक म्हणून माझी सही आहे, आणि त्याच कागदावर ती आज इथल्या सरकारी विद्यापीठात शिकते आहे.

हे आपोआप मिळालेलं नाही. १९८०च्या दशकात इथल्या पालकांवर मुलं शाळेत पाठवत नाहीत म्हणून खटले भरले जात होते. त्याविरुद्ध १९८५ साली काही कुटुंबं एकत्र येऊन कोर्टात गेली आणि १९९४ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. लीपर खटला म्हणून तो ओळखला जातो. अट एवढीच की शिकवणं खरोखरीचं हवं, लेखी किंवा दिसेल अशा स्वरूपातला अभ्यासक्रम हवा, आणि वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व हे पाच विषय त्यात हवेत. नोंदणी नाही, सरकारी परीक्षा नाही.

पण बदली पुढे दुसऱ्या राज्यात झाली तर हे सगळं बदलतं, हे मिस्टरांना आत्ताच सांगून ठेवा. न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी शिक्षणाचा आराखडा, दर तीन महिन्यांनी अहवाल आणि वर्षाअखेरीस मूल्यमापन द्यावं लागतं, आणि एवढं करूनही पालकांनी दिलेला डिप्लोमा ते राज्य मानत नाही. पेनसिल्व्हेनियात पालकांचा डिप्लोमा चालतो, पण ठरलेल्या सरकारी नमुन्यावर आणि बारावीच्या मूल्यमापकाच्या सहीनेच. त्यामुळे 'अमेरिकेत चालतं' असं कुणी म्हणालं की कुठल्या राज्यात, हे आधी विचारा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही डिप्लोम्याची काळजी करताय, पण कॉलेजवाले बघतात ती ट्रान्सक्रिप्ट. डिप्लोमा म्हणजे एक जाडसर कागद, ट्रान्सक्रिप्ट म्हणजे नववी ते बारावी या चार वर्षांचा एक-दोन पानी हिशोब: विषय, क्रेडिट, ग्रेड, शेवटी सरासरी, शाळा पूर्ण झाल्याची तारीख आणि तुमची सही. साधारण १२० तासांचा अभ्यास म्हणजे एक क्रेडिट असं धरतात. ग्रेडची सरासरी चारपैकी काढतात, ए म्हणजे ४, बी म्हणजे ३.

किती क्रेडिट लागतात, याचं बंधन घरच्या शाळेवर नाही. तरी मी सरकारी शाळांचा सांगाडा समोर ठेवला होता आणि तुम्हीही तोच ठेवा, कारण कॉलेजच्या माणसाला तो ओळखीचा असतो. एकूण २२ क्रेडिट: इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान ३, सामाजिक शास्त्रं ३, परकी भाषा २, शारीरिक शिक्षण १, कला १, बाकी ५ आवडीचे. सामाजिक शास्त्रांत अमेरिकेचा इतिहास, शासनव्यवस्था आणि अर्थशास्त्र येतात. तुमच्या मुलाने हे काहीच केलेलं नसणार, म्हणून अकरावीतच सुरू करा. परक्या भाषेत आम्ही मराठी लावली. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या संघटनेशी, जोडलेल्या मराठी शाळा इथे बऱ्याच शहरांत आहेत. तिथला अभ्यास आणि घरचं वाचन मिळून दोन क्रेडिट झाली, आणि त्या ओळीचा मला आजही अभिमान वाटतो.

तुमच्या मुलाची नववी आणि दहावी नाशिकमध्ये झाली म्हणून ती सोडून देऊ नका. तीही ट्रान्सक्रिप्टमध्ये येते. दहावीचे विषय लिहा, समोर 'एनआयओएस, भारत' अशी नोंद करा आणि मूळ गुणपत्रिकेची प्रत जोडा. टक्क्यांचं स्वतःच्या मनाने ए-बीमध्ये रूपांतर मात्र करू नका. आपल्याकडचे ७८ टक्के म्हणजे काय, हे परदेशी गुणपत्रिका रोज पाहणाऱ्या कॉलेजांना कळतं. आपण वाढवून लिहिलं आणि गुणपत्रिकेशी जुळलं नाही, तर बाकीच्या सगळ्या कागदांवरचा विश्वास जातो.

एक चूक मी केली ती तुम्ही टाळा. मुलीच्या नववीत मी नोंदी ठेवल्या नाहीत. शिकवत होते, पण कुठलं पुस्तक, कुठला प्रयोग, कधी, हे कुठेच लिहिलं नव्हतं. बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात जुने ईमेल, लायब्ररीच्या पावत्या आणि वह्या पसरून तीन आठवडे ते वर्ष पुन्हा उभं करावं लागलं. प्रत्येक विषयाला पाच-सहा ओळींचं वर्णन लिहावं लागतं: काय शिकवलं, कशावरून, ग्रेड कशी दिली. दर महिन्याच्या शेवटी अर्धा तास काढून ते लिहीत जा.

घरच्या ग्रेडना बाहेरचा आधार लागतो, कारण आईने दिलेला ए किती भरवशाचा, असा प्रश्न समोरच्याला पडणं साहजिक आहे. तो आधार म्हणजे एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा, एपी म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या विषयवार परीक्षा, आणि सगळ्यांत उपयोगी म्हणजे जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजचे, एक-दोन कोर्स. तिथला प्राध्यापक ग्रेड देतो, तिची अधिकृत नोंद होते आणि वर कॉलेजचं क्रेडिटही मिळतं. एपीची परीक्षा मे महिन्यात असते, पण ती घ्यायला तयार असलेली शाळा आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच शोधावी लागते. ट्रान्सक्रिप्टवर 'एपी' हा शब्द लिहायचा तर अभ्यासक्रम या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. तसं केलं नसेल तर विषयाचं साधं नाव लिहा आणि परीक्षेचा गुण वेगळा दाखवा.

कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच अर्ज करता येतो त्या वेबसाइटवर, अर्ज भरताना शाळेच्या समुपदेशकाचा भाग तुम्हालाच भरायचा असतो. त्यात शाळेची ओळखही लिहायची असते: का घरी शिकवलं, कसं शिकवलं, ग्रेड कशा दिल्या. हे लेखन मनापासून करा. मुलाची खरी ओळख करून द्यायची एवढी जागा दुसरीकडे मिळत नाही.

आता तो कागद. शाळेचं नाव पहिल्याच दिवशी ठरवा आणि मग बदलू नका. आम्ही आमच्या गावच्या नदीचं नाव दिलं. डिप्लोम्यावर शाळेचं नाव, मुलाचं पूर्ण नाव, ठरलेला माध्यमिक अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं एक वाक्य, तारीख, गाव आणि राज्य, खाली तुम्हा दोघांच्या सह्या, एवढं पुरे. राज्याची मुद्रा किंवा सरकारी वाटेल असं काही छापू नका. 'मान्यताप्राप्त डिप्लोमा' पैसे घेऊन विकणाऱ्या वेबसाइट दिसतील, त्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका. चार वर्षांच्या खऱ्या अभ्यासावर असा विकतचा कागद ठेवला की खऱ्यालाच खोटेपणा येतो.

नावाकडे फार बारकाईने लक्ष द्या. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, आणि पासपोर्टवर ते कधी नावाच्या रकान्यात येतं, कधी येतच नाही. पासपोर्ट, व्हिसा, एसएटी, ट्रान्सक्रिप्ट, डिप्लोमा, सगळीकडे अक्षरन् अक्षर एकच हवं. पासपोर्टमध्ये दुरुस्ती करायची असेल तर निघायच्या आधी करा.

सह्या नोटरीसमोर केल्या तर उत्तम. इथे बऱ्याच बँकांत नोटरी असतो. पुढे तो कागद भारतात दाखवायचा झाला तर ऑस्टिनच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयातून १५ डॉलर भरून अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद दाखवण्यासाठीचं प्रमाणपत्र, मिळतं. मात्र अपॉस्टिलने नोटरीची सही खरी असल्याचं सिद्ध होतं, शिक्षण मान्य झाल्याचं नाही.

आम्हाला एका कॉलेजच्या खिडकीवर 'घरी शिकलीय तर आधी जीईडी परीक्षा दे' असं सांगितलं गेलं. ही शाळा पूर्ण न केलेल्यांसाठीची बारावीच्या बरोबरीची परीक्षा. मुलीचा चेहरा पडला होता. सरकारी कॉलेजांनी घरी शिकलेल्यांना सरकारी शाळेतल्या मुलांसारखंच वागवावं, असं टेक्सासच्या शिक्षण संहितेत कलम ५१.९२४१ मध्ये स्पष्ट आहे. ते छापून वरिष्ठांकडे नेलं आणि दोन दिवसांत काम झालं. त्याची प्रत फाइलमध्ये ठेवा.

तुम्ही एल-टू व्हिसावर, म्हणजे कंपनीने बदली केलेल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर येणार, म्हणजे केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आणि कर्ज तुमच्या मुलाला मिळणार नाही. ते नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना असतं. आणि एकविसाव्या वर्षी तो तुमच्या व्हिसावरून बाहेर पडेल, तेव्हा एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा लागेल. खर्चाचं गणित त्या हिशोबाने मांडा.

शेवटचं, आणि यावर दोघं बसून नीट बोला. मुलगा कॉलेजसाठी भारतात परतण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर फक्त घरच्या डिप्लोम्यावर विसंबू नका. परदेशी दाखल्याला भारतात समकक्षता, म्हणजे तो इथल्या बारावीच्या बरोबरीचा असल्याची मान्यता, घ्यावी लागते आणि तिथे शाळा मान्यताप्राप्त आहे का, हे पाहतात. म्हणून निघण्याआधी एनआयओएसच्या बारावीला प्रवेश घेऊन ठेवा. तो पाच वर्षं चालतो आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतात, आणि प्रॅक्टिकललाही केंद्रावर हजर राहावं लागतं, तेव्हा भारतवारीची तिकिटं त्या तारखा पाहूनच काढा. दहावीची मूळ गुणपत्रिका आणि मायग्रेशन सर्टिफिकेट हँडबॅगेतच ठेवा, सामानात देऊ नका.