लाइट गेली की फोनही मुका, असं काहून?

प्रश्न : नमस्कार दादा, आमच्याकडे महालात तीसेक वर्षांपासून लँडलाइन आहे, नंबर सगळ्या नातेवाइकांना पाठ. गेल्या महिन्यात कंपनीची माणसं आली, तांब्याची तार बंद करून फायबर टाकलं आणि आमचा जुनाच फोन एका पांढऱ्या डब्याला जोडून दिला. नंबर तोच राहिला म्हणून आम्ही खुश होतो. पण संध्याकाळी नातू व्हिडिओ लावून बसला की फोनवर समोरच्याचा आवाज तुटून राहिला, अर्धे शब्द गायबच. आणि परवा वादळात लाइट गेली तर डायल टोनही नाही. आधी असं कधीच झालं नव्हतं. सासूबाई ८१ वर्षांच्या, दुपारी एकट्या असतात, मोबाइल त्यांना जमत नाही. जुनी तार परत मागू का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, तार परत मागू नका, पण एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगायला पाहिजे होती आणि कोणी सांगितली नाही, याचा मला खरंच राग येतो. जुन्या तारेतून नुसता आवाज येत नव्हता, एक्स्चेंजमधून साधारण ४८ व्होल्टची वीजही येत होती, आणि तिथे बॅटऱ्या असायच्या, म्हणून अख्खी गल्ली अंधारात असली तरी फोन चालू राहायचा. फायबर म्हणजे काचेचा धागा, त्यातून उजेड येतो, वीज नाही. डबा तुमच्या घरच्या प्लगवर चालतो, म्हणून लाइट गेली की फोनही गेला.

यावर उपाय आहे. तुमच्या त्या डब्यासाठी, म्हणजे राउटरसाठी, छोटे यूपीएस मिळतात, लाइट गेली तरी काही वेळ वीज देणारी बॅटरीच ती. डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय त्याचा फोटो काढा, सीताबर्डीला दुकानात दाखवा, त्याच मापाचा घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर डब्याचा प्लग त्याच्या लाइनवर घेतला की झालं. माझ्या आईकडे मानेवाड्याला आम्ही यूपीएस लावला तरी फोन बंदच, मग लक्षात आलं की तो कॉर्डलेस होता, त्याच्या स्टँडलाही वेगळी वीज लागते. आता तिथे साधा वायरवाला फोन आहे, त्याला लागणारी वीज डब्याच्या फोन पोर्टमधूनच मिळते.

आता आवाजाचं. फायबरवर तुमचा लँडलाइनचा कॉलही इंटरनेटसारखाच जातो. अशा कॉलमध्ये साधारणपणे आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात आणि बहुतेक ठिकाणी २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतात, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. एका कॉलला एका बाजूने १०० केबीपीएसही (सेकंदाला १०० किलोबिट, म्हणजे नेटचा अगदी थोडा वेग) पुरतात, म्हणून कोणी महागडा प्लॅन घ्या म्हटलं तर घाई करू नका. स्पीड नाही, पाकिटं वेळेवर येणं महत्त्वाचं. नातवाचा व्हिडिओ पुढचा भाग आधीच भरून ठेवतो, उशीर झाला तरी त्याला कळत नाही, बोलणं मात्र थांबू शकत नाही, उशिरा आलेलं पाकीट फेकूनच द्यावं लागतं आणि तोच तुमचा गायब झालेला शब्द.

खरं तर डब्याच्या फोन पोर्टवरच्या आवाजाला व्हिडिओच्या आधी वाट मिळेल अशी सेटिंग करता येते, तुमच्याकडे ती लागलेली नसावी. बहिणीला फोन लावा, तिला एक ते पन्नास मोजायला सांगा, पंचविसाला नातवाचा व्हिडिओ बंद करा. तिथून आकडे स्वच्छ ऐकू आले तर तक्रारीत ‘फोन खराब’ असं लिहू नका, ‘नेट वापरताना व्हॉइस तुटतो, व्हॉइसला प्रायॉरिटी द्या’ असं लिहा, आणि तक्रार नंबर जपून ठेवा.

जुन्या तारेचा मोह सोडा म्हणतो कारण मोबाइलवरचा व्होल्टीई, म्हणजे ४जी नेटवर्कवरचा कॉलसुद्धा असाच पाकिटांचा असतो, सगळं तिकडेच चाललंय. पण फायबरच तुटलं तर यूपीएस काही करू शकत नाही. तेव्हा सासूबाईंच्या उशाशी मोठ्या बटणांचा एक साधा मोबाइल चार्ज करून ठेवाच, स्पीड डायलवर तुमचा नंबर टाका, ११२ हा इमर्जन्सीचा नंबर कसा लावायचा तेही दाखवा. यूपीएस आणला की येत्या रविवारी घरचा मेन स्विच बंद करा आणि सासूबाईंनाच रिसीव्हर उचलून तुम्हाला फोन लावायला सांगा.