वाचकांचे प्रश्न : व्यायामाला खाडा का पडतो?

यावेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: सुरुवात होते, पण टिकत नाही. त्यातली चार पत्रं निवडली आहेत.

पहाटे साडेपाचला चालायला जायचं ठरवते. पण आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, कधी पहाटे, कधी रात्री. पाण्याचा दिवस आला की चालणं चुकतं आणि मग आठवडाच जातो.
*गृहिणी, जुळे सोलापूर*

ताई, यात तुमचा आळस नाही. तुम्ही व्यायाम घड्याळाला बांधलात आणि तुमच्या घरात घड्याळापेक्षा नळाचं जास्त चालतं. म्हणून व्यायाम अशा कामाला जोडा जे पाणी येवो न येवो, रोज होतंच. उदाहरणार्थ, संध्याकाळी कुकर लावला की ओट्याला धरून टाचा उचलणं १५ वेळा, खुर्चीवरून हात न टेकता उठबस १० वेळा, भिंतीला हात टेकून जोर १० वेळा. अशा दोन फेऱ्यांना दहा मिनिटं पुरतात. चालणं बिनपाण्याच्या दिवशी, ३० ते ३५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. ही मिनिटं तुकड्या-तुकड्यांनी भरली तरी चालतात. वेग किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका.

पाण्याच्या दिवशी ताकदीचा वेगळा व्यायाम नको. १५ लिटरची भरलेली बादली १५ किलोहून जड असते आणि २०० लिटरचं पिंप भरायला तशा तेरा-चौदा खेपा होतात. खरा धोका इथेच आहे. कंबरेत वाकून, बादली अंगापासून लांब धरून उचलली की पाठ धरते आणि पुढचे चार दिवस सगळंच बंद. गुडघ्यात वाका, बादली अंगाजवळ घ्या, उचलताना श्वास सोडा. एक भरलेली बादली एका हातात नेण्यापेक्षा दोन अर्ध्या दोन हातांत न्या. कंबर एका बाजूला झुकत नाही.

वय ५४. तीस वर्षं विड्या वळते. गुडघे धरतात. डॉक्टर म्हणतात चाला, पण चाललं की जास्तच दुखतं.
*विडी घरकुल परिसर*

दुखतं म्हणून चालणं थांबतं, मांडीचे पुढचे स्नायू बारीक होतात, त्यांचा आधार सुटला की गुडघ्यावर भार वाढतो आणि दुखणंही वाढतं. म्हणून आधी मांडी बळकट करा, चालणं हळूहळू वाढवा.

पाय सरळ करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा (सोलापुरात टॉवेलला तोटा नाही). गुडघ्यानं ती गुंडाळी खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. मोजताना दम कोंडू नका, आकडे तोंडानं मोठ्यानं म्हटले की तो आपोआप कोंडत नाही. प्रत्येक पायाला १०, दिवसातून दोनदा. दोन आठवड्यांनी उताणं झोपून एक पाय गुडघ्यात दुमडा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचला, पाच आकडे धरा. हेही १० वेळा.

आता बसण्याचं. सूप मांडीवर, पाय दुमडलेले आणि तासन्‌तास तसंच राहायचं, यानं गुडघा आखडतो. दर दोन जुड्या बांधून झाल्या की सूप खाली ठेवा, पाय लांब करा, पावलं २० वेळा पुढे-मागे हलवा, मग उठून घोटभर पाणी प्या. जमेल तेव्हा बुटक्या स्टुलावर बसून पाय पुढे सोडून काम करा. व्यायाम तंबाखूची धूळ असलेल्या खोलीत नको, ओसरीवर करा.

चालणं एकदम १५ मिनिटं नको. सपाट रस्त्यावर पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत कमी झालं, तर चालू ठेवा, आठवड्याला प्रत्येक वेळेत एक मिनिट वाढवा. सूज आली, गुडघा अडकला किंवा मध्येच दगा देऊ लागला, तर डॉक्टरांना दाखवा.

वय २४. जिमची तीन महिन्यांची फी भरली. पहिल्याच आठवड्यात अंग इतकं दुखलं की परत गेलोच नाही.
*अशोक चौक*

पहिल्याच दिवशी सगळी यंत्रं फिरून आलात, असं दिसतं. नव्या श्रमाचं दुखणं एक ते तीन दिवसांत चढतं आणि मग उतरतं. परत जा, पण आठवड्यातून तीनच दिवस, पाच-सहा प्रकार, प्रत्येकी १० चे दोन सेट. वजन इतकं, की संपताना आणखी तीन-चार वेळा सहज जमले असते. दोन आठवडे तेच ठेवा. अंगदुखीबरोबर लघवी चहासारखी काळपट झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

‘२१ दिवसांत सवय लागते’ यावरही जाऊ नका. लंडनमधल्या ९६ जणांच्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. काहींना १८, काहींना त्याहून कितीतरी जास्त. मध्ये एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही.

वय ६१, मधुमेहाच्या गोळ्या चालू. कंबर तलावावर फिरायला जातो, पण एप्रिल-मेमध्ये बंद पडतं ते दिवाळीपर्यंत.
*विजापूर रोड*

बंद करू नका, वेळ हलवा. मेमध्ये आपल्याकडे सहाच्या आधीच उजाडतं. साडेपाचला निघा, पावणेसातला घरी या. पारा ४२-४३ वर गेलेल्या दिवशी रात्री जेवणानंतर गच्चीवर किंवा घरातच १५ मिनिटं चाला. जेवणानंतर चढणाऱ्या साखरेला हे विशेष उपयोगी. खंड पडला असेल, तर पहिला आठवडा नेहमीच्या निम्माच चाला. शरीराला उष्मा सोसायला शिकायला एक-दोन आठवडे लागतात.

ग्लिमेपिराइडसारखी (साखर जास्तच खाली आणू शकणारी) गोळी किंवा इन्शुलिन असेल, तर निघण्याआधी साखर तपासा. १०० च्या खाली असली तर आधी काही खा. खिशात तीन-चार चमचे साखरेची पुडी ठेवा. हात थरथरले, घाम फुटला की तिथेच बसून तोंडात टाका आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. छातीत दडपण आलं तर थांबा आणि लगेच दवाखान्यात जा. गवतावर अनवाणी चालू नका. घरी आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. मधुमेहात फोड अनेकदा दुखत नाही, तो दिसावा लागतो.