वाचकांचे प्रश्न : बागेत शिक्रा आला

या वेळच्या पत्रांत शिकारी पक्ष्यांचीच गर्दी आहे. अनेकांनी लिहिलंय की शिक्रा बागेवर ‘घिरट्या घालतो’. उंच गोल गोल फिरत खाली टेहळणारी बहुतेक वेळा घार असते. शिक्रा शिकारीला निघाला की दबा धरतो. हा फरक लक्षात ठेवला तर पुढची बरीच उत्तरं आपोआप सुटतात.

प्रश्न : बागेत दाण्यांची ताटली टांगली आहे. चिमण्या, मुनिया, होले (कबुतराच्या जातीचे पक्षी) येतात. महिनाभर एक शिक्रा पाळत ठेवून आहे, आणि परवा त्याने डोळ्यांदेखत होला उचलला. त्याला हुसकावायचं कसं?

उत्तर : हुसकावण्यात दम घालवू नका. टाळी वाजवली की तो शेजारच्या झाडावर जाऊन बसेल आणि तुम्ही आत गेलात की परत येईल. प्लॅस्टिकचं घुबड, चकचकीत पट्ट्या, जुन्या सीडी यांचा धाक दोन-चार दिवस टिकतो. जे कधी जागचं हलत नाही ते चावत नाही, हे चिमण्यांनाही कळतं आणि शिक्र्यालाही.

आधी तो शिकार कशी करतो ते पाहा. त्याचे पंख आखूड, टोकाला गोलसर आणि शेपूट लांब. ही ठेवण लांब पाठलागाची नाही, झाडाझुडपांतून वळणं घेत मारलेल्या छोट्या झडपेची आहे. दाट फांदीत, बहुधा खोडाजवळ, तो गप्प बसून राहतो. मग कुंपणाच्या किंवा भिंतीच्या आडोशाने जमिनीलगत येतो आणि शेवटच्या क्षणी वर उसळतो. पहिल्या झडपेत जमलं नाही तर सहसा सोडून देतो. त्याचे बहुतेक हल्ले फसतात. तुमच्याकडे तो रोज येतोय, म्हणजे मांडणीत त्याला कुठेतरी सोय मिळाली आहे.

ताटली झुडपाला चिकटून असेल तर त्याला (आणि मांजरालाही) आडोसा मिळतो. सहा-सात मीटर मोकळ्यावर असेल तर लहान पक्ष्यांना लपायला जागा उरत नाही. झुडपापासून अडीच ते साडेतीन मीटर हे अंतर चांगलं. झुडूप काटेरी किंवा आतून गच्च हवं. वरून हिरवं आणि आतून पोकळ असेल तर शिक्रा आत घुसतो, पायी चालतसुद्धा.

आता क्रम. पहिले दहा ते चौदा दिवस दाणा पूर्ण बंद ठेवा. ‘थोडासाच टाकतो’ म्हणणाऱ्यांचा इथेच घोळ होतो. थोड्या दाण्यावरही पक्षी ठरल्या वेळी जमतात आणि शिक्र्याला तेवढंच पुरतं. नंतर जागा बदला, वेळही बदला. एका मोठ्या ताटलीऐवजी दोन-तीन लहान ताटल्या ठेवा आणि अर्ध्या तासात संपेल एवढाच दाणा घाला. खाली सांडलेला दाणा रोज झाडून काढा. होला जमिनीवर मान खाली घालून टिपत असतो, त्याला वर बघायला फुरसत नसते. तोच पहिला सापडतो.

तरीही त्रास राहिला तर ताटलीभोवती कडक तारेचा पिंजरा बसवा. पाच सेंटिमीटरच्या चौकटींतून चिमणी, मुनिया जातात. होला आणि शिक्रा जात नाहीत. मात्र ताटली तारेपासून चारी बाजूंनी किमान तीस सेंटिमीटर आत हवी, कारण शिक्र्याचे पाय लांब असतात आणि तो ते चौकटीतून आत घालतो. मऊ नायलॉनची जाळी या कामाला अजिबात नको. ढिली राहिली की त्यात पक्षीच गुरफटतात.

प्रश्न : पकडलेला पक्षी जिवंत होता आणि ओरडत होता. सोडवायला हवा होता का?

उत्तर : नाही. बहिरी ससाणा चोचीने मानेचा मणका तोडतो. शिक्रा पंजे आवळून मारतो, म्हणून त्याचं भक्ष्य लगेच मरत नाही. बघायला वाईट वाटतं, खरं आहे. पण नखं खोल रुतलेली असतात, सोडवलेला पक्षी बहुधा काही तासांत मरतोच आणि शिक्रा उपाशी राहून दुसरा मारतो. लहान मुलं बघत असतील तर त्यांना आत घेऊन जा, एवढंच.

प्रश्न : सकाळी हिरवळीवर पिसांचा ढीग दिसला, पक्षी नाही. मांजर की शिकारी पक्षी?

उत्तर : पिसं हातात घेऊन बघा. पंखाचं किंवा शेपटीचं एखादं मोठं पीस उचला आणि त्याच्या मुळाकडची नळी पाहा. नळी टोकापर्यंत अखंड असेल आणि दांड्यावर कुठेतरी चिमटा काढल्यासारखी खूण किंवा बारीक मुरड असेल, तर पीस चोचीने उपटलेलं आहे. नळीच तुटलेली, चावून फाटलेली, पिसं थुंकीने ओली होऊन एकमेकांना चिकटलेली, तर मांजर, मुंगूस किंवा कुत्रा.

ढिगाचा आकारही बोलतो. शिकारी पक्षी एका जागी बसून पिसं काढतो, त्यामुळे ती साधारण गोलात पसरतात. मांजर भक्ष्य ओढत नेतं, तेव्हा त्या वाटेवर पिसांची रांग दिसते. एक अपवाद आहे. होला किंवा पारवा नुसता भेदरला तरी मूठभर पिसं सोडून निसटतो. पिसं मोजकीच, बहुतेक मऊ आणि रक्ताचा ठिपका नाही, असं असेल तर पक्षी बहुधा शाबूत आहे.

कुंपणाचा एकच खांब, एकच ओंडका किंवा एकच आडवी फांदी आणि तिच्याखाली पुन्हा पुन्हा पिसं दिसत असतील तर ती त्याची पिसं सोलायची ठरलेली जागा. तिथे करड्या, लांबट गुठळ्याही सापडतील. न पचलेलं केस-पिसांचं ओझं तो तोंडावाटे टाकतो. गुठळी फोडल्यावर आत स्वच्छ हाडं आणि कवट्या निघाल्या तर ती घुबडाची. घुबड भक्ष्य बऱ्याचदा सगळंच गिळतं आणि हाडं फारशी विरघळवत नाही. शिक्र्याच्या गुठळीत हाडं कमी असतात.

प्रश्न : करडा, पोटावर पट्टे असलेला पक्षी दिसला की सगळे शिक्रा म्हणतात. त्याच्यासारखाच दिसणारा, कोकिळेच्या कुळातला पावशा कसा ओळखावा?

उत्तर : चोच आणि पाय बघा. शिक्र्याची चोच आकड्यासारखी वाकडी; पाय लांब, पिवळे, उघडे. पावशाची चोच जवळजवळ सरळ, पाय आखूड आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. लहान पक्षीही त्याला शिक्रा समजून पिटाळतात, तेव्हा तुम्ही फसलात तर वाईट वाटून घेऊ नका. आणखी एक : शिक्र्याचा ‘की-कीs’ आवाज कोतवाल पक्षी हुबेहूब काढतो. नुसत्या आवाजावर नोंद करू नये.

प्रश्न : होला काचेवर आदळून मेला. काचेवर पांढरा ठसा उमटला आहे, पंखांच्या रेषांसह. शिक्र्याने ढकलला का?

उत्तर : ढकलला नाही, पण पिटाळला असणं शक्य आहे. शिक्रा आला की पक्षी दिसेल त्या दिशेला उडतात आणि काचेत त्यांना झाडं आणि आकाश दिसतं. होला-पारव्यांच्या पिसांत बारीक भुकटी असते. ठसा तिचाच आहे.

काचेवर ससाण्याच्या आकाराचा एकच स्टिकर लावण्याची पद्धत आहे, पण ती निरुपयोगी. पक्षी फक्त त्या स्टिकरला वळसा घालतो. ठिपके किंवा रेघा काचेच्या बाहेरच्या बाजूने आणि पूर्ण काचेवर हव्यात. दोन खुणांमधलं अंतर पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आतून लावल्या तर प्रतिबिंबात हरवतात. ताटली काचेपासून एक तर एक मीटरच्या आत ठेवा, म्हणजे पक्ष्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही, नाहीतर दहा मीटरपलीकडे. मधलं अंतर सगळ्यांत घातक. वर झुडपाचं अंतर सांगितलं ते आणि हे दोन्ही जुळत नसतील तर खिडकीला आधी खुणा करा.

प्रश्न : गॅलरीतल्या पिंजऱ्यातल्या पोपटाचा पाय शिक्र्याने ओढला. पिंजरा तर बंद होता.

उत्तर : भेदरलेला पक्षी धडपडत जाळीला लटकतो आणि बाहेरून पंजा बसतो. पिंजऱ्याबाहेर दुसरी कडक जाळी बसवा, दोन्हींत पंजा पोचणार नाही एवढं मोकळं. वरची आणि मागची बाजू पूर्ण झाकलेली हवी, म्हणजे आतल्या पक्ष्याला मागे सरकायला जागा मिळते. जखमी पाय आजच पशुवैद्याला दाखवा.

प्रश्न : असे शिकारी पक्षी वाढले तर चिमण्या संपतील ना?

उत्तर : उलट आहे. भक्ष्य किती मिळतं यावर शिकाऱ्यांची संख्या ठरते. चिमण्यांची बहुतेक पिल्लं एरवीही पहिल्या वर्षात भूक, आजार, थंडी-पावसात जातात. शिक्रा नेतो त्यातली कित्येक त्या हिशेबातलीच असतात. शिकारी पक्षी संपवायचं काम माणसाने मात्र जवळजवळ करून दाखवलं होतं. डीडीटी या कीटकनाशकामुळे त्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होतात, हे १९६७ साली ब्रिटनमध्ये पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी दाखवून दिलं. आई उबवायला बसली की अंडी फुटायची.

प्रश्न : बागेत उंदीर झालेत आणि आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे. उंदरांचं औषध ठेवलं तर चालेल?

उत्तर : नको. ब्रोडिफाकूम, ब्रोमाडिओलोन असलेल्या विषाने उंदीर तिथल्या तिथे मरत नाही. रक्त गोठणं थांबतं, काही दिवस तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि पिंगळ्याला, गव्हाणी घुबडाला सगळ्यांत सोपा सापडतो. विष उंदराच्या यकृतात साठलेलं असतं. असे काही उंदीर खाल्ले की घुबडालाही आतून रक्तस्राव होतो.

चाप लावा, पण खोक्यात, भोक उंदरापुरतंच ठेवून, म्हणजे पक्षी सहजी आत जाणार नाही. चिकट पट्टी उघड्यावर कधीच ठेवू नका. तडफडणाऱ्या उंदरावर झेप घेऊन पिंगळा स्वतः चिकटतो. तसं झालंच तर ओढू नका. उरलेल्या डिंकावर कागदाचे तुकडे दाबून बसवा आणि पट्टीसकट पशुवैद्याकडे न्या.

प्रश्न : जखमी शिक्रा किंवा घार सापडली तर उचलायची कशी?

उत्तर : भीती चोचीची नाही, पंजांची. मागून जाऊन जाड टॉवेल डोक्यासकट अंगावर टाका. अंधार झाला की पक्षी बराच शांत होतो. पंख अंगाला मिटवून धरा आणि दोन्ही पाय एका हातात घट्ट पकडा. पंजा बोटावर बसलाच तर हिसडा देऊ नका, पाय हळूच सरळ करा. गुडघा वाकला की नखं आणखी आवळतात.

पुठ्ठ्याचं खोकं घ्या. शिक्र्याला साधारण चाळीस बाय तीस सेंटिमीटरचं पुरतं. खालच्या बाजूला आठ-दहा भोकं पाडा. तळाशी जुना सुती शर्ट अंथरा. टॉवेलच्या दोऱ्यांत नखं अडकतात. तारेचा पिंजरा नको, शेपटीची आणि पंखांची पिसं तुटतात, मग तो महिनोन्‌महिने उडू शकत नाही. पाणी चोचीत ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट तिकडे जातं. खायलाही देऊ नका. खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा आणि वनखात्याला किंवा पक्षी वाचवणाऱ्या संस्थेला फोन करा. असा पक्षी परवान्याशिवाय सांभाळणं बहुतेक देशांत कायद्याने बंद आहे.

नुसता काचेवर आदळून सुन्न झाला असेल तर तास-दोन तास खोक्यात राहू द्या. मग खोकं मोकळ्या जागी नेऊन झाकण उघडा आणि मागे सरा. उडाला नाही किंवा एका बाजूला कलला, तर झाकण पुन्हा लावा. संध्याकाळ झाली असेल तर शिक्रा सकाळीच सोडा.